चाळीस पिनांच्या पलीकडे

बेळगावच्या आसपासच्या मराठी गावांत हिवाळ्यात साहित्य संमेलने भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी ही त्यांपैकी काही गावे. सकाळी ग्रंथदिंडी निघते, मग उद्घाटन आणि अध्यक्षीय भाषण होते, दुपारी सर्वांचे जेवण असते आणि कविसंमेलन ठरलेल्या वेळेपेक्षा नेहमीच लांबते. या निमित्ताने काही मंडळे एक स्मरणिका छापतात. तिच्यात अध्यक्षांचा परिचय, गावातील देवस्थानाची माहिती, शाळेतील मुलांच्या कविता आणि खत-बियाण्यांच्या दुकानांपासून सोसायट्यांपर्यंत सर्वांच्या जाहिराती असतात. स्मरणिकेला ग्रंथ म्हणून कोणी मोजत नाही, त्यामुळे वाचनालयाच्या नोंदवहीत ती क्वचितच चढते. परंतु १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेलेल्या या गावांनी स्वतःविषयी मराठीत जे काही लिहून ठेवले, त्यातला बराच भाग अशा पातळ, पिना मारलेल्या पुस्तिकांतच आहे.

तालुक्यातील अशाच एका गावच्या मंडळाने आपल्या जुन्या स्मरणिकांतील निवडक मजकुराचा संग्रह काढायचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. कागदावरच्या प्रती सर्व वर्षांच्या मिळाल्या नाहीत. काहींना वाळवी लागली होती, काही कोणीतरी ‘वाचून देतो’ म्हणून नेल्या होत्या. त्यामुळे ज्या छापखान्यात त्या तयार होत, त्याच्या मालकांकडे गेलो. छापखाना केव्हाच बंद झाला आहे. मात्र ग्राहकाचे काम फेकायचे नाही हा जुना धर्म त्या गृहस्थांनी पाळला होता. त्यांनी पत्र्याची एक ट्रंक माझ्या हवाली केली. तिच्यात सव्वापाच इंची फ्लॉपींचा लहानसा गठ्ठा, साडेतीन इंची फ्लॉपींचे डबे, काही झिप डिस्क, सीडी आणि एक हार्ड डिस्क होती. प्रत्येकीवर त्यांच्या सुबक अक्षरात गावाचे नाव आणि साल लिहिलेले होते. आत काय असावे हे माझ्या डोळ्यांना वाचता येत होते. घरातल्या एकाही यंत्राला मात्र वाचता येत नव्हते, कारण माझ्या लॅपटॉपच्या कडेला टाइप-सी जातीचे दोन पोर्ट आहेत आणि दुसरे काही नाही.

संगणकाच्या कडेची खाच बदलली की जुने साधन निकामी होते आणि योग्य तो अडॅप्टर मिळाला की प्रश्न मिटतो, असे आपण साधारणपणे धरून चालतो. त्या ट्रंकेतील एकेक वस्तू हाताळताना दिसले ते असे, की खाच हे केवळ रस्त्यावरचे दार असते. त्याच्या आत विजेचा दाब, मग डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत, मग फाइल उघडणारे सॉफ्टवेअर आणि मराठीच्या बाबतीत सर्वांत आत फॉन्ट, अशी एकामागे एक दारे असतात. ती निरनिराळ्या साली, निरनिराळ्या कारणांनी बंद झालेली असतात आणि सर्वांत बाहेरचे उघडणे हेच बहुतेक वेळा सर्वांत सोपे काम असते.

हार्ड डिस्कची मला सर्वांत जास्त धास्ती होती आणि तीच सर्वांत आधी बोलू लागली. तिच्या मागे आयडीई जातीची, दोन ओळींत मांडलेल्या चाळीस पिनांची जागा होती. (मधली एक पिन बहुधा मुद्दाम गाळलेली असते, त्यामुळे केबल उलटी बसत नाही.) २००३च्या सुमारास साटा ही सात संपर्कांची बारीक केबल बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत नव्या मदरबोर्डांवरून आयडीईची ती रुंद, फितीसारखी केबल नाहीशी झाली. शहरातील एका दुकानात चौकशी केली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने डिस्क उलटसुलट करून पाहिली आणि अतिशय आदराने विचारले, ‘हे कुठल्या मशीनचं ओ सर?’ शेवटी अडॅप्टर ऑनलाइन मागवला. तो घेताना एक गोष्ट पाहावी लागते. लॅपटॉपमधील अडीच इंची जुन्या डिस्कला पाच व्होल्ट पुरतात, परंतु डेस्कटॉपमधील साडेतीन इंची डिस्कच्या मोटरीला बारा व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून एरवी पाचच व्होल्ट येतात. अडॅप्टरबरोबर चार पिनांचा स्वतंत्र पॉवर सप्लाय नसेल, तर डिस्क जागची हलत नाही आणि धडधाकट डिस्क मेली असे समजून माणसे ती भंगारात देतात. एका केबलवरच्या दोन डिस्कांपैकी पहिली (मास्टर) कोणती आणि दुसरी (स्लेव्ह) कोणती हे ठरवणारा तो इवलासा जंपर योग्य जागी असावा लागतो, हेही आता फार थोड्यांच्या लक्षात आहे.

डिस्क फिरली आणि तिच्यावरील फोल्डर पडद्यावर सरळ दिसू लागले. याचे कारण असे, की तिच्यावरील मांडणी फॅट३२ पद्धतीची होती. ही पद्धत १९९६मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली आणि पुढे पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड यांनी तिला आपलेसे केल्यामुळे आजही विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींना ती वाचता येते. तार गेली, मांडणी टिकली. मात्र इतक्या जुन्या डिस्कवरून एकेक फाइल ओढत बसणे धोक्याचे असते. तिचे उरलेले आयुष्य किती तासांचे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून लिनक्सवरील डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमने आधी संपूर्ण डिस्कची एकसंध प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून घेतली. हा प्रोग्रॅम मोठा समजूतदार आहे. तो आधी जे सहज वाचता येते ते उचलतो, अडणारे भाग बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा वळतो. पुढचे सगळे काम त्या प्रतिमेवर चालले आणि मूळ डिस्कला विश्रांती मिळाली.

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह अजून विकत मिळतो. ॲपलने १९९८च्या आयमॅकमधून फ्लॉपी ड्राइव्ह वगळला, तेव्हा पुष्कळांना तो आगाऊपणा वाटला होता. सोनीने २०११मध्ये फ्लॉपींची विक्री थांबवली, तेव्हा ती इतके दिवस चालू होती याचेच आश्चर्य वाटले. एका फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट, असे सगळे मिळून १४,७४,५६० बाइट होतात. आजच्या फोनने काढलेला एक साधा फोटोही त्यात बहुधा मावणार नाही. स्मरणिकेच्या मजकुराला मात्र तेवढी जागा पुरत असे.

आमच्याकडच्या फ्लॉपींना खरा त्रास झाला तो पावसाचा. सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेल्या या पट्ट्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात, कपाटातल्या चपला-पट्ट्यांवर बुरशी चढते आणि तीच बुरशी चुंबकीय थरावरही चढते. फ्लॉपीचे धातूचे झाकण बोटाने सरकवून आतली तपकिरी चकती उजेडात हळूहळू फिरवली, की पांढुरके ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर बुरशी वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि त्यानंतर घातलेल्या निरोगी फ्लॉपीवरही चरे पाडते. म्हणून आधी सगळ्यांची पाहणी करून निवड केली. स्वच्छ दिसणाऱ्या आधी वाचल्या आणि डागाळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून शेवटी घेतल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यातील लहान खिडकी उघडी करून ठेवली, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही.

त्यातही एक जुनी व्यवस्था आडवी आली. पानांची फाइल एका फ्लॉपीत बसत नसली, की छापखान्यातला ऑपरेटर ती एआरजे या प्रोग्रॅमने तुकडे करून चार-पाच फ्लॉपींवर ओळीने टाकत असे. आज हे तुकडे जोडता येतात, त्यासाठीचा प्रोग्रॅमही उपलब्ध आहे. परंतु मधली एक फ्लॉपी गेली, की शेजारच्या सुखरूप फ्लॉपींवरचा मजकूर जागच्या जागी निरुपयोगी होतो. एका वर्षाचे अध्यक्षीय भाषण असेच गेले. त्या वर्षीची कागदी प्रत पुढे एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मिळाली म्हणून निभावले.

झिप डिस्कचे प्रकरण मला बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वस्तीत घेऊन गेले. आयोमेगा कंपनीने १९९४मध्ये काढलेला हा ड्राइव्ह १०० एमबीच्या जाड चकत्या घेत असे, म्हणजे सुमारे सत्तर फ्लॉपींचा ऐवज एका चकतीत. फोटो आणि रंगीत मुखपृष्ठ असलेली कामे एका जागेहून दुसरीकडे न्यायला छापखान्यांना तो सोयीचा होता. छापखान्याच्या मालकांचा मूळ ड्राइव्हही ट्रंकेत होता, पण तो २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला जोडायचा होता. ज्या पोर्टला आपण सगळे ‘प्रिंटरचा पोर्ट’ म्हणत असू, तोच हा. आता यूएसबीपासून प्रिंटरपर्यंत जाणारी केबल बाजारात स्वस्त मिळते आणि तिचे टोक या ड्राइव्हला बसवता येईल असेही दिसते. तरीही तिचा येथे काही उपयोग होत नाही, कारण ती केबल केवळ प्रिंटरशी बोलण्यासाठी बनवलेली असते. झिप ड्राइव्हला त्या पोर्टच्या तारांवर थेट ताबा हवा असतो आणि तो देण्यासाठी मदरबोर्डवर खरा पॅरलल पोर्टच लागतो. बाहेरून बसते म्हणजे आतून चालतेच असे नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

खरा पोर्ट असलेला, चालता संगणक बेळगावात कुठे असेल, असे विचारत गेलो तर उत्तर एकच येई. खानापूर रस्त्यालगतच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप यांची दाटी आहे. तेथील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो, तर संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या सीएनसी यंत्राच्या शेजारी, तेलकट धुळीपासून वाचवण्यासाठी प्लास्टिक पांघरलेला, विंडोज ९८चा एक डेस्कटॉप रोजच्या कामावर होता. यंत्राला कापणीचा प्रोग्रॅम द्यायचा, तर तो आरएस-२३२ या सिरियल केबलने द्यावा लागतो. हे मानक मुळात १९६०मधले आहे. ‘काका, मशीन अजून मायक्रॉनात काम देतंय, मग काँप्युटरसाठी ते बदलू काय?’ असे तेथील ऑपरेटरने मलाच विचारले. लॅपटॉपला लावण्याचे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर त्याने वापरून पाहिले होते. काही चालतात, काही लांब केबलवर मध्येच अक्षरे खातात. आणि कापणी चालू असताना एखादा आकडा गहाळ होणे म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

मला तेथे जाणवले ते यंत्रांच्या वयाचे गणित. लेथ किंवा मिलिंग यंत्र तीस वर्षे चालेल अशा बेताने ओतलेले आणि घडवलेले असते. त्याच्या शेजारचा संगणक सहा-सात वर्षांत जुना ठरतो. जेथे या दोहोंची गाठ पडते, तेथे माणसे जुना पोर्ट जिवंत ठेवतात, कारण त्याच्यावर रोजची मजुरी अवलंबून असते. त्याच वस्तीत मी असेही पाहिले, की यंत्रातला फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्याच्या जागी, त्याच ३४ पिनांवर, पेन ड्राइव्ह घेणारा एक लहान डबा बसवला आहे. यंत्राला वाटते फ्लॉपीच आहे. साहित्याच्या नावाने असा डेस्कटॉप कोणी चालू ठेवलेला मला आढळला नाही, आणि त्यात साहित्यिकांना नावे ठेवण्यासारखेही काही नाही. कवितेचे उत्पादन फ्लॉपीवाचून थांबत नाही. असो. त्या ऑपरेटरने दुपारच्या सुट्टीत संगणकाचा पॅरलल पोर्ट मला वापरू दिला, ड्राइव्ह जोडला, आणि बहुतेक झिप डिस्क वाचल्या गेल्या.

येथपर्यंत सर्व काम पिना, व्होल्ट आणि बुरशी यांचे होते. ते झाल्यावर माझ्यापुढे पेजमेकर या पाने जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या फायलींचा ढीग उभा राहिला. या प्रोग्रॅमची शेवटची मोठी आवृत्ती २००१मध्ये आली. त्याच्या उशिराच्या आवृत्त्यांतील फायली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइन या प्रोग्रॅमच्या २०१२च्या आवृत्तीपर्यंत उघडता येत; पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकण्यात आली. आमच्या नशिबाने त्याच हार्ड डिस्कवर पेजमेकर बसवलेला होता आणि तो जुन्या विंडोजच्या आभासी यंत्रात, म्हणजे आजच्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या जुन्या संगणकात, चालला. फाइल उघडली. पानांची आखणी, चौकटी, जाहिरातींच्या किनारी सगळे जागच्या जागी होते. फक्त मराठी नव्हती. प्रत्येक ओळीत टिंबे, टोप्या आणि शेपट्या लावलेली युरोपीय अक्षरे भरलेली होती.

याचे कारण त्या काळात गुंतलेले आहे आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून आली होती आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. परंतु पेजमेकरसारख्या पाने जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला जोडाक्षर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. त्याला एकामागे एक आकार ठेवता येत, एवढेच. म्हणून पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने, श्री-लिपी या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी आणि इतरांनी देवनागरीचे तुकडे करून ते इंग्रजी व युरोपीय अक्षरांच्या घरांत बसवले, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने बसवले. सी-डॅकच्या फॉन्टमध्ये ‘म’ हे एक अक्षर नसून अर्धा म आणि उभा दंड अशी दोन चिन्हे आहेत, आणि तोच दंड ‘मा’ लिहिताना पुन्हा काना म्हणून येतो. ‘वि’मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते, ‘र्क’मधला रफार नंतर साठवला जातो, कारण तो क काढून झाल्यावर वर चढतो. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमके उलट आहेत. कागदावर दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात आणि छापखान्याला कागदच हवा होता.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत आणि त्यांनी पुष्कळ काम हलके केले. तरी उरलेले काम हातानेच करावे लागले, आणि आमच्या भागातील गावांची नावे त्यात पहिली कसोटी ठरली. ‘येळ्ळूर’मधला ळ्ळ आणि ‘मण्णूर’मधला ण्ण हे जोड रूपांतरात हमखास मोडत. पुण्या-मुंबईच्या मजकुरावर पारखलेल्या नियमांना ‘ळ्ळ’ फारसा भेटत नसावा. सीमाभागात तो प्रत्येक बसच्या पाटीवर आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील ऱ्या-ऱ्हा कुठे र्या, कुठे नुसता य, कुठे काहीच नाही, असे उतरत. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्र घर घेऊन आले ते २००८मध्ये, त्यामुळे मधल्या वर्षांतील मजकुरात ते निरनिराळ्या युक्त्यांनी लिहिलेले सापडते आणि शोध घेतला तर सापडत नाही. एका मुलीच्या कवितेतील ओळ मी कितीतरी वेळ चुकीची समजून दुरुस्त करू पाहत होतो; मग कोणीतरी सांगितले, की ती बेळगावी बोलीतील क्रियापदे आहेत आणि फाइल अगदी बरोबर आहे.

या फायलींतून छापील स्मरणिकेपेक्षा अधिक काही मिळाले, म्हणून हा खटाटोप सार्थकी लागला. पाने कमी पडली म्हणून गाळलेल्या कविता, संक्षेप करण्यापूर्वीचे लेख आणि जागेअभावी न छापलेली वर्गणीदारांची पूर्ण यादी छापखान्यातल्या ऑपरेटरने तशीच ठेवली होती. त्या यादीत तेव्हाच्या प्रत्येक घराचे नाव आहे. हा मजकूर कागदावर कधी आलाच नाही, तेव्हा तो वाळवीच्याही हाती लागला नसता आणि आपल्याही.

सरकारला ही अडचण तितकीशी भासत नाही. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात शेतजमिनीचे उतारे संगणकावर घेतले (ते कोणत्या भाषेत मिळावेत हा आमच्याकडचा निराळा आणि जुना वाद आहे), आणि यंत्रे बदलली तरी तो साठा पुढच्या यंत्रांवर जात राहिला, कारण ते करण्यासाठी कार्यालय आहे, पगारी माणसे आहेत आणि दर वर्षी त्यासाठी तरतूद होते. गावच्या मंडळाकडे एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि मंडपवाल्याची थकबाकी असते. साठा टिकतो तो डिस्कच्या दर्जामुळे नव्हे, तर दर काही वर्षांनी तो पुढच्या साधनावर उतरवणारा कोणी ठरलेला असतो म्हणून, असे माझे मत झाले आहे. छापखान्याच्या मालकांनी डिस्क जपल्या, पण उतरवून कोणी घेतल्या नाहीत.

सव्वापाच इंची फ्लॉपी अजून तशाच आहेत. त्यांचा यूएसबी ड्राइव्ह बाजारात मिळत नाही. चालू स्थितीतला जुना ड्राइव्ह आणि त्याच्या चुंबकीय लहरी थेट टिपणारे ग्रीसवीझल नावाचे लहान कार्ड, असा मेळ जमवावा लागतो. कार्ड मिळवता येईल. ड्राइव्हसाठी इचलकरंजीच्या एका परिचितांना सांगून ठेवले आहे.

दरम्यान मंडळाच्या बैठकीत यंदाच्या स्मरणिकेचा विषय निघाला. डीटीपी करणाऱ्या तरुणाने सांगितले, की तो काम नेहमीप्रमाणे कोरल या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये, जुन्याच फॉन्टमध्ये करणार आहे, कारण ठळक मथळे त्यातच उठून दिसतात. मथळ्यांपुरते त्याचे म्हणणे मान्य झाले. मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा, छपाईची पीडीएफ फॉन्टसकट हवी, गाळलेले लेख वेगळ्या फोल्डरमध्ये हवेत, आणि हे सगळे दोन वेगवेगळ्या घरी राहायला हवे, असे मी सुचवले. त्याने त्याचे जादा पैसे सांगितले. थोडी घासाघीस झाली, रक्कम ठरली, आणि हा खर्च कोणत्या सदरात लिहायचा यावर बराच खल झाल्यावर खजिनदारांनी तो ‘मंडप व इतर’ याखाली टाकला.